आजीचा बंब, दादाचं इंजिन आणि आमच्या गाडीतलं गरम पाणी

गोव्यात राहून गाडीत हीटर बसवायचा म्हटल्यावर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. म्हापशाच्या गॅरेजमधल्या मेस्त्रीने तर हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "बाय, हांगा खंय आसा थंडी?" त्याचं म्हणणं खरं होतं. आमच्या डिचोलीत जानेवारीच्या पहाटेही एक गोधडी पुरते. पण राहण्या-झोपण्याची ही गाडी डिचोलीत उभी करून ठेवायला आम्ही बांधत नव्हतो. आईला हिमाचलातल्या स्पितीतला ताबोचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, बघायचा होता. हजार वर्षांहून जुना, ९९६ सालचा मातीचा गोंपा अजून उभा आहे, हे तिने कुठेतरी वाचलं आणि मनावरच घेतलं. आई अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे धरतात, आणि सकाळी ऊन पाण्याने आंघोळ झाल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नाही. ताबो तीन हजार मीटरच्या वर, त्याच्या पुढचं काझा त्याहून उंच. ऑक्टोबर सरताना तिथे रात्री पारा शून्याखाली जातो. म्हणजे ऊब आणि गरम पाणी, दोन्ही गाडीतच हवं होतं.

गाडी जुनी फोर्स ट्रॅव्हलर. पत्र्याला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन काय चालतं, काय नाही ते विचारून आलो, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा फेरफारांबाबत कडक आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझा थोरला भाऊ, दादा, खाणीचं खनिज वाहणाऱ्या बार्जच्या इंजिनरूममध्ये होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, बार्ज मांडवीत नांगर टाकून बसल्या, तेव्हापासून तो पंप आणि जनरेटर दुरुस्त करतो. त्यामुळे वाटणी सोपी झाली: हिशेब माझा, पाना त्याचा.

उबेचा हिशेब मी आधी केला. भिंती, छत, तळ, काचा धरून गाडीचं आवरण साधारण ३५ चौरस मीटर भरलं. आतून २५ मिलिमीटरचा नायट्राइल फोम चिकटवला. ग्लासवूल स्वस्त पडलं असतं, पण आमच्या पावसाळ्यात ते पाणी धरतं आणि मागचा पत्रा आतल्या आत गंजत जातो. काचांमधून जाणारी उष्णता धरून, दर चौरस मीटरमागे, दर अंशाच्या फरकाला दीड वॅट गळती होईल असं मानलं. बाहेर उणे पाच आणि आत वीस, म्हणजे फरक २५ अंशांचा. गुणाकार तेराशे वॅटच्या थोडा वर आला. एवढी उष्णता विजेवर आठ तास द्यायची तर दहा युनिटं लागतात. आमची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पूर्ण भरली तरी अडीच युनिटं देते. दहाला झोपलो असतो तर बाराला कुडकुडत उठलो असतो. विजेचा पर्याय तिथेच संपला.

मग गॅस. एका दुकानदाराने सहा लिटरचा गॅस गिझर समोर ठेवला. "घराघरात असतो, पटकन तापतो, गाडीतही चालेल," म्हणाला. गोव्यात आणि घाटमाथ्यावर तो घराघरात असतो हे खरंच, आणि दर थंडीत बंद न्हाणीघरात कोणी बेशुद्ध पडल्याच्या, कोणी गेल्याच्या बातम्या येतात हेही खरं. हा गिझर ज्योतीसाठी हवा खोलीतूनच घेतो आणि जळका वायू खोलीतच सोडतो. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. बाथरूममध्ये निदान वर एक झरोका असतो. गाडी म्हणजे दारं लावलेला डबा, आणि त्यात माझी आई झोपणार. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं, ते रात्री थंड पत्र्यावर ठिबकतं. आणि आपल्या सिलिंडरातल्या मिश्रणातलं ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. गॅस आम्ही फक्त शेगडीपुरता ठेवला, तोही बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्या कप्प्याच्या तळाला दोन इंची भोक पाडलं. गळती झालीच तर गॅस थेट रस्त्यावर उतरेल.

खरा निर्णय मात्र आजीच्या बंबाने केला. आमच्या घरी न्हाणीत चुलीवर पाणी तापवायचं तांब्याचं भाण असे. बंब आजीने बेळगावहून, माहेराहून आणलेला. त्याच्या पोटातून एक नळी आरपार जायची, खाली जाळीवर निखारे आणि नळीभोवती पाणी. वरच्या नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि तेवढंच कढत पाणी चोचीतून बाहेर यायचं. धूर नळीतून वर, पाणी चोचीतून खाली, दोघांची गाठ कधीच पडत नसे. बंब मागच्या पडवीत असे. श्रावणात कपडे वाळेनात म्हणून आईने एकदा निखाऱ्यांची शेगडी खोलीत आणली, तर आजीने ती उचलून बाहेर नेली आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. "विस्तव आपला श्वास खातो," एवढंच म्हणाली. मी तेव्हा सातवीत होते.

वीज आणि गॅस बाद झाल्यावर उरला डिझेल हीटर. तो उघडून पाहिला आणि मला बंबच दिसला. आत एक बंद ज्वलनकक्ष. त्याला लागणारी हवा गाडीच्या खालून येते, धूर खाली स्टीलच्या नळीने बाहेर जातो. कक्षाच्या बाहेरून ॲल्युमिनियमचे पंख असतात, त्यांच्यावरून पंखा गाडीतली हवा फिरवतो. आपली हवा तापते, पण विस्तवाला शिवत नाही. वेबास्टो आणि एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांचे हीटर नावाजलेले आहेत, त्याच धर्तीचे स्वस्त चिनी हीटरही मिळतात. बहुतेक जण पाच किलोवॅटचा घ्या म्हणतात. आम्ही दोनचा घेतला. मोठा हीटर छोट्या गाडीत सतत मंद चालतो, मंद चालला की काजळी धरतो, आणि काजळी धरली की ऐन थंडीत पेट घेत नाही. डिझेल गाडीच्याच टाकीतून येतं, रात्रीचं फक्त सव्वा लिटर.

पाण्यासाठी ट्रुमासारखे एकाच पेटीत हवा आणि पाणी दोन्ही तापवणारे हीटर असतात. मोह झाला होता. पण सुटा भाग इथे मिळणार कुठे, आणि एक बिघडलं की दोन्ही बंद, या विचाराने मागे फिरलो. तेव्हा दादा म्हणाला, "बाय, गाडी दिवसभर चालणार. जळलेल्या डिझेलाचा पाव हिस्सा तरी रेडिएटरमधून वाऱ्यावर जातो. तोच धर." पावसाळ्यात मांडवीचं आग्वादकडचं मुख बंद असतं, बार्ज कुंभारजुवेच्या कालव्यातून मुरगावला जायच्या. त्या दिवसांत बार्जवरच्या सगळ्यांचे कपडे इंजिनरूमच्या गरम पायपांवर वाळायचे. त्याच्या डोक्यात तेव्हापासून ते होतं.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरकडून बारा लिटरची स्टेनलेस टाकी करून घेतली. आत नळीचं वेटोळं, त्यातून इंजिनाचा कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, फिरतो. एक विजेची कांडीही बसवली, घराचा प्लग मिळाला तर तिच्यावर पाणी तापतं. कूलंट ऐंशी अंशांच्या वर असतो, तेवढं पाणी थेट अंगावर घेतलं तर कातडी जाईल, म्हणून थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह लावला. तो आपोआप गार पाणी मिसळून ४० अंशांवर आणतो. सेफ्टी व्हॉल्व्हला काटछाट नाही: बारा लिटर पाणी तापून साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास फुगतं, आणि गार पाण्याच्या पायपात एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, असल्यामुळे त्याला मागे जायला वाट नसते. हिशेब असा की ७५ अंशांचं बारा लिटर पाणी १५ अंशांच्या पाण्यात मिसळलं की २८ लिटरच्या पुढे ऊन पाणी होतं. एकाची आंघोळ आरामात, दोघांची जपून.

पहिल्याच रात्री फजिती झाली. चोर्ला घाट चढून बेळगावपर्यंत गेलो, संध्याकाळी पाणी कढत होतं, सकाळी कोमट. टाकीला दोन इंच फोम असून हे कसं? दादाने बॉनेट उघडून इंजिनाला हात लावला. ते अजून ऊबदार होतं. रात्रभर टाकीतली उष्णता कूलंटच्या पायपातून आपोआप उलटी फिरून इंजिन तापवत बसली होती. त्याने पायपात एक साधा बॉल व्हॉल्व्ह घातला. गाडी थांबली की तो बंद करायचा. त्यानंतर सकाळी पाणी साठ अंशांच्या आसपास राहू लागलं, म्हणजे आईची एक बादली पक्की.

हीटरनेही निघण्याआधी दोन आठवडे रडवलं. पेटायचा, दोन मिनिटं चालायचा, पांढरा धूर सोडून विझायचा. बसवून देणाऱ्याने डिझेलचा छोटा पंप आडवा बसवला होता आणि सोबत आलेली बारीक, कडक नळी टाकून साधी रबरी नळी घातली होती. हा पंप टिकटिक करत थेंबाथेंबाने डिझेल देतो. नळी रुंद असली की त्यात हवेचे बुडबुडे बसतात, आणि पंप आडवा असला की ते पुढे सरकत नाहीत. बारीक नळी परत घातली, पंपाचं बाहेरचं तोंड वर करून तिरका बसवला, आणि त्याचं विझणं थांबलं. मग 'व्होल्टेज कमी' असा इशारा येऊ लागला. पेटताना ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी तापती कांडी, दहा अँपिअर ओढतो. आमची तार दीड चौरस मिलिमीटरची, जाऊन-येऊन आठ मीटर, म्हणजे जवळजवळ एक व्होल्ट तारेतच जात होता. सहा चौरस मिलिमीटरची तार घातल्यावर पाव व्होल्टही जात नाही. हीटर बंद करताना वायर काढू नका, मेन स्विच पाडू नका. बटण दाबा आणि पंखा काही मिनिटं फिरून आपोआप थांबेपर्यंत वाट बघा. तेवढा वेळ न मिळाल्यास आतला तापलेला भाग खराब होतो.

आणखी एक गोष्ट योगायोगाने सापडली. रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी होतं. गोव्यात ते खपून जातं. स्पितीत रात्रीत गोठून इंजिनाचा ब्लॉक तडकला असता. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण भरलं, ते उणे तीसपर्यंत निभावतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या उंचीवर आणि एलपीजीचा अलार्म तळाजवळ, असे दोन वेगवेगळे लावले. धुराची नळी दार आणि खिडक्यांपासून लांब, मागच्या बाजूला काढली.

ताबोच्या वाटेवरच्या नाकोला पोचलो त्या रात्री हीटरचा धूर काळसर येऊ लागला. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्राकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. हवा विरळ, डिझेल मात्र डिचोलीच्या मापाने. दादाने कंट्रोलरमध्ये पंपाचा वेग सुमारे पाव भागाने कमी केला आणि धूर विरला. ऊब थोडी घटली, पण आत सतरा-अठरा अंश राहिले. सकाळी खिडकीच्या बाहेरून बर्फाची पातळ साय होती. मागचं दार उघडून पडदा लावला, आईने बादली भरली, पाण्यात बोटं घालून बघितली आणि "पुरे, आणखी गार घालू नका" म्हणाली. त्या दिवशी ताबोच्या मातीच्या भिंतींपाशी ती तासभर बसली होती.

या सगळ्यात मला अपेक्षित नव्हतं ते जुलैत कळलं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पावसात चार दिवस होतो. अंथरूण ओलसर, कपाटात बुरशीचा वास. दादाने खिडकी बोटभर उघडी ठेवून हीटर तासभर लावला. बाहेरची हवा आत येऊन तापते, तापली की तिची ओल धरायची ताकद वाढते, आणि ती ओल घेऊन खिडकीतून निघून जाते. टॉवेल कोरडे झाले. आता पावसाळ्यात आठवड्याला दोनदा तो पूर्ण वेगाने चालवतो, त्याने काजळीही जळून जाते. म्हापशाचा तो मेस्त्री मुद्दाम येऊन बघून गेला, आणि आपल्या भावाच्या गाडीसाठी विचारून गेला.

आईने आता हिवाळ्यातल्या लडाखचं काढलंय. तिथे साधं डिझेल थिजतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. वाटेत मिळेल तिथे ते हीटरपुरतं वेगळं भरून ठेवता यावं, म्हणून दादा दहा लिटरची टाकी मागच्या बंपरच्या आत कुठे बसेल ते टेप लावून मोजतोय.