डिस्क माझी, भाव त्याचा

शनिवार, रात्री. जेवण झालं, तरी डोकं अजून गरमच आहे, म्हणून लिहून टाकतो.

गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक हा पीएस फाइव्हवरचा, म्हणजे सोनीच्या गेम खेळायच्या कन्सोलवरचा, गेम संपवून बरेच दिवस झाले, परत काय मी तो खेळत नाही, उगाच कपाटात धूळ खात पडण्यापेक्षा विकून टाकू म्हणून आज ऑफिस सुटल्यावर उद्यमबागेतनं घरी न जाता थेट बाजारातल्या गेमच्या दुकानात गेलो. ४,९९९ ला घेतलेली डिस्क. काउंटरवरच्या पोरानं ती काढली, ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, सरळ केली, परत तिरकी केली, एका जागी नख फिरवलं आणि तोंड बारीक करून म्हणाला, "सर, हेअरलाइन हाय की वो. अकराशे होतील." म्हणजे कॅश अकराशे, आणि दुकानातलंच काहीतरी घेतलं तर चौदाशे. त्याच्याच पाठीमागं रॅकवर हाच गेम, जुनाच, २,७९९ चं स्टिकर लावून उभा.

आता नफ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी फाउंड्रीत अकाउंट्स बघतो, भंगार कुठल्या भावानं येतं आणि पुढं कुठल्या भावानं जातं हे रोज बघतो. दुकानाचं भाडं आहे, लाइट बिल आहे, माल सहा-सहा महिने पडून राहतो. घे की तुझा फरक. पण "मला एवढे सुटले पाहिजेत" असं सरळ सांगायचं सोडून ही जी कारणं सांगतात ना, त्यानं तिडीक जाते.

हेअरलाइन म्हणे, म्हणजे केसाएवढा ओरखडा. ही डिस्क ब्लू-रे. डीव्हीडीत डेटा डिस्कच्या जाडीच्या मध्यभागी असायचा, ब्लू-रेमध्ये तो पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, म्हणून तर वरनं कडक कोटिंग देतात, साध्या पुसण्यानं त्याला काही होत नाही. आणि पीएस फाइव्हवर गेम खेळताना डिस्कवरनं चालतच नाही, एकदा कन्सोलच्या आतल्या एसएसडीवर, म्हणजे त्याच्या स्टोरेजवर, इन्स्टॉल झाला की पुढं डिस्क म्हणजे नुसती किल्ली. मी म्हटलं, तुझ्या मागं डेमोचा पीएस फाइव्ह चालू आहे, घालून बघ की लेका. तर "ते मालकांना विचाराय पाहिजे".

मग मालक आले. ते म्हणाले, जुन्याला डिमांडच राहिली नाही हो, त्यात आम्हाला जीएसटी भराय लागतोय. बरोब्बर चुकीच्या माणसाला सांगितलं. जुन्या मालाच्या धंद्याला जीएसटीत मार्जिन स्कीम आहे, खरेदीवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या टॅक्सची वजावट, घेतलेलं नसलं की टॅक्स फक्त फरकावर बसतो, पूर्ण २,७९९ वर नाही. आणि माझ्यासारख्या घरगुती गिऱ्हाइकाकडनं घेतल्यावर इनपुट कुठलं येणार त्यांना! एवढं बोललो तर हसले नुसते. बरं, जीएसटी भरताय तर जुन्या मालाचं बिल द्या म्हटलं, तर त्याला बिल नसतं म्हणे. धन्य.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा जुना रॅग्नारॉकच मागत असणार, कारण मालक माझ्यासमोर उभं राहून खुशाल म्हणाले, "हळेदु ऐत्री, नाळे बर्री." जुना आहे, उद्या या. बेळगावात जन्म काढलेल्या माणसाला एवढं कन्नड कळत नाही असं कसं वाटलं त्यांना, देव जाणे! डिमांड नाही ना?

आणि ते चौदाशेचं क्रेडिट. चिठ्ठीवर लिहून देणार, तीन महिन्यांत वापरायचं, तेही त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच भावानं. ह्याला आमच्याकडं बिनव्याजी उचल म्हणतात. फरक इतकाच की उचल मी देणार आणि उपकार ते करणार. गेल्या दिवाळीत पुतण्याला एका दुसऱ्या दुकानातनं "सीलपॅक" गेम घेऊन दिला होता, त्यातल्या व्हाउचरचा कोड टाकला तर आधीच वापरलेला निघाला. प्लास्टिक गुंडाळायचं मशीन काय महाग नसतं म्हणा.

कंपन्यांना तर हा जुन्या डिस्कचा व्यवहार पहिल्यापासनं डोळ्यात खुपतोय. ईए ह्या गेम कंपनीनं २०१० मध्ये ऑनलाइन पास काढला, जुनी डिस्क घेणाऱ्यानं ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे मोजायचे, २०१३ मध्ये तो बंद केला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं आपला एक्सबॉक्स वन कन्सोल आणताना जुन्या गेमवर निर्बंध सांगितले, एवढी बोंबाबोंब झाली की त्याच जूनमध्ये माघार घेतली. तेव्हा सोनीनं काय छान चिमटा काढला होता, गेम शेअर कसा करायचा याचा व्हिडिओ, एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, संपलं. आम्ही सगळे टाळ्या पिटत होतो. आणि त्याच सोनीनं २०२० मध्ये पीएस फाइव्हचं डिजिटल एडिशन काढलं, डिस्क घालायला फटच नाही.

भारतात पीएस फाइव्ह फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिजिटल ३९,९९० आणि डिस्कवाला ४९,९९०. मी दहा हजार जास्त घातले ते ह्याच हिशेबानं, की खेळून झालं की विकता येईल. अकराशेच्या भावानं ते दहा हजार कधी वसूल व्हायचे? मित्र म्हणतो सोड रे, सेलमध्ये डिजिटल स्वस्त मिळतंय. मिळतंय खरं, पण ते घेतल्यावर अकराशे पण कोण देत नाही.

ऑनलाइन विकत घेणाऱ्या साइटी बघितल्या, ५९० नं सुरू होणारा पिनकोड टाकला की पिकअप उपलब्ध नाही. पुण्या-बेंगळुरातली मजा ती. आपण दोन्हीच्या मध्ये.

डिस्क परत घेऊन आलो. आमचा बेळगाव-कोल्हापूरच्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथं फोटो टाकला, आणि कन्सोलमध्ये घालून गेम सुरू होईपर्यंतचा व्हिडिओ पण, म्हणजे हेअरलाइनची भानगडच नको. दोन हजार लिहिलेत. कोल्हापूरचा एकजण तयार दिसतोय, निपाणी स्टँडवर द्यायची-घ्यायची म्हणतो. नुसतं तेवढ्यासाठी गेलं तर पेट्रोलातच सगळं जाईल, पण पुढच्या रविवारी निपाणीला मावशीकडं जायचंच आहे, आई कधीपासनं मागं लागलीय.

आत्ताच त्याचा मेसेज आला, "दादा, लास्ट किती?" दोनच हजार म्हणून कळवलंय. फार ओढलं तर अठराशेला देईन, पण ते त्याला रविवारी.