आधी काटा, मग ऊडनाडॅटा

सांगलीकडे आमच्या घरी उसाची बैलगाडी होती. भरताना वडील एक गोष्ट हटकून बघायचे: वजन आसाच्या थोडं पुढं पडलंय ना. मागं जास्त भरलं की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला जोती आवळायची. पन्नाशी उलटल्यावर ॲडलेडमध्ये स्लाइड-ऑन कॅम्पर घेतला, तेव्हा हे सगळं मला नव्याने शिकावं लागलं.

स्लाइड-ऑन म्हणजे यूटच्या, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप गाडीच्या, हौद्यावर बसवायची छोटी खोली. झोपायला गादी, शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी, सगळं आत. चार कोपऱ्यांच्या जॅकवर खोली उभी करायची, यूट रिव्हर्समध्ये तिच्याखाली घालायची, जॅक उतरवायचे आणि चार टर्नबकल (फिरवून ताणायचे स्क्रू) आवळून ती हौद्याला जखडायची. मागे ट्रेलर नसल्यामुळे वाळूत किंवा ओढ्यात अडचण आली तर जागच्या जागी वळता येतं. म्हणूनच आम्ही कॅरॅव्हॅन घेतली नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातला, मरी ते मार्ला हा ऊडनाडॅटा ट्रॅक करायचा ठरला. सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. निघायच्या दोन आठवडे आधी, सगळं सामान भरून गाडी वजनकाट्यावर नेली. सर्वांनी हे करावंच, म्हणून आकडे सविस्तर देतो. कॅम्पर नसताना, आम्ही दोघं बसून आणि डिझेलची टाकी भरून, पुढच्या आसावर १३१० किलो होते आणि मागच्या आसावर ११२०. कॅम्पर चढवल्यावर पुढे १२५० आणि मागे २०१०. एकूण ३२६०. माझ्या यूटची कायदेशीर मर्यादा ३१००, मागच्या आसाची १९००. म्हणजे दोन्हीकडे जास्त.

पण मला घाबरवलं ते पुढच्या आकड्याने. गाडीवर ८३० किलो चढवले आणि पुढची चाकं ६० किलोंनी हलकी झाली! वजन मागच्या आसाच्या मागे पडत होतं. गाडी उलाळ झाली होती, दुसरं काही नाही. अशा गाडीचं स्टिअरिंग हलकं पडतं, आणि खड्ड्यांवर मागचा भाग आपटत राहिला तर चॅसी केबिनच्या मागे वाकते. कॅम्पर विकताना दुकानदाराने रिकाम्या खोलीचं वजन सांगितलं होतं. बॅटरी, बाजूला उघडायची सावलीची छत्री, पाणी, भांडी यांचा हिशोब कोणी मांडलाच नव्हता. जादा वजनाच्या गाडीला अपघात झाला तर इन्शुरन्सवालेही हात वर करू शकतात.

मग दोन शनिवार-रविवार अंगणात गेले. मागच्या भिंतीवरचा जादा टायर काढला. बाजूची मोठी छत्री काढली, दुसरा गॅस सिलिंडर काढला, हत्यारांची पेटी निम्मी केली. पाणी १२० लिटरवरून ७० वर आणलं आणि पिशवीच्या टाकीत भरून केबिनला चिकटून ठेवलं. बॅटऱ्या मागच्या कप्प्यातून पुढे आणल्या. बिडाचा तवा घरी ठेवायला बायको तयार नव्हती. तो राहिला, पण पुढच्या कप्प्यात. एकूण २०० किलो कमी झाले. पुन्हा काट्यावर: पुढे १३२०, मागे १७४०. चिठ्ठी हातात घेऊन मी बराच वेळ नुसता उभा होतो.

जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, निघालो. मरीला जुन्या घान रेल्वेची, म्हणजे इथून ॲलिस स्प्रिंग्जकडे जाणाऱ्या जुन्या गाडीची, इंजिनं उभी आहेत. उंटांचे तांडे घेऊन आलेल्या ज्या लोकांना इथे सरसकट 'अफगाण' म्हणत, त्यांच्यातले कितीतरी तेव्हाच्या हिंदुस्थानातले, बलुचिस्तान-पंजाबकडचे होते. त्यांच्या मशिदीची आठवण म्हणून गावात माती-गवताची साधी झोपडी उभी आहे. तिथे आम्ही दोघं बराच वेळ बसलो.

मरीतच टायरची हवा ४० पीएसआयवरून २८ वर आणली. पुढचा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा आहे, आडव्या लाटाच लाटा. हवा कमी केली की टायर दणके पोटात घेतो. मात्र वेग ताशी ७० च्या वर न्यायचा नाही, नाहीतर टायर तापतो.

कावर्ड स्प्रिंग्जच्या अलीकडे थांबलो तेव्हा डावीकडचा मागचा टर्नबकल हाताने फिरत होता. कॅम्पर दोन बोटं सरकला होता. अंगावर काटा आला. खोली सरळ करून आवळलं, लॉकनट घट्ट केला आणि प्रत्येक नटावरून बोल्टवर पांढऱ्या मार्करने एक सलग रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, एवढं सोपं. मग दर ५० किलोमीटरला उतरून चारही रेघा बघायच्या. हवे त्यापेक्षा जास्त आवळायचंही नाही, कारण त्याने हौद्यातला हूकच उपटतो.

दुसरी अडचण धुळीची. धावत्या गाडीच्या मागे पोकळी तयार होते आणि मागच्या दाराच्या फटींतून लाल धूळ आत ओढली जाते. पहिल्या रात्री ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला तर वरचा थर विटकरी. दुसऱ्या दिवसापासून छताची पुढची खिडकी पुढच्या बाजूने थोडी उघडी ठेवली. आत हवा भरते, दाब राहतो, धूळ बाहेरच थांबते. पीठ पांढरं राहिलं.

कावर्ड स्प्रिंग्जला जुन्या रेल्वे स्लीपरच्या हौदात झऱ्याच्या कोमट पाण्यात बसलो. ॲल्जबकिनाच्या १८९२ च्या, ५७८ मीटर लांब लोखंडी पुलाखाली मुक्काम केला आणि बिडाच्या तव्यावर भाकरी टाकली. १९६० च्या उन्हाळ्यात याच भागात, ऊडनाडॅटाला, पारा ५०.७ अंशांवर गेला होता. आम्ही मात्र शाल पांघरून बसलो होतो.

सहाव्या दिवशी मार्लाला डांबर लागलं. टायर पुन्हा ४० वर भरले आणि खाली वाकून रेघा पाहिल्या. चारही सलग होत्या.