वस्ती कशी आहे?

गेल्या महिन्यात पुण्याहून एका वाचक मैत्रिणीचा मेल आला. नवऱ्याची बदली रिचमंडला होतेय, मुलगी तिसरीत आहे, सहा महिने भाड्याने राहून मग घर घ्यायचा विचार आहे. शेवटी प्रश्न : "कोणता एरिया चांगला? वस्ती कशी आहे ते मोकळेपणाने सांग." चार ओळींत उत्तर देऊन मोकळी होईन म्हणून बसले आणि संध्याकाळ गेली. तेव्हा ते इथेच लिहिते आहे.

आम्ही ऑगस्ट २०१९मध्ये इथे आलो. रिचमंड ही व्हर्जिनिया राज्याची राजधानी. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला गाडीने दोनेक तास, जेम्स नदीच्या काठावर. नवऱ्याचं ऑफिस शहराच्या पश्चिमेला, म्हणून ग्लेन अ‍ॅलनला अपार्टमेंट घेतलं. आपली बहुतेक मंडळी ग्लेन अ‍ॅलन आणि शॉर्ट पंपच्या पट्ट्यातच राहतात. मंदिर तिथे, इंडियन ग्रोसरी तिथे, गणपतीही तिथेच. सगळं हाताशी असल्यामुळे मूळ शहरात आम्ही जायचो ते पाहुणे आल्यासारखेच.

अशाच एका रविवारी मॉन्युमेंट अ‍ॅव्हेन्यूवर गेलो. रुंद रस्ता, मधोमध हिरवळ, दोन्ही बाजूंना देखणी जुनी घरं आणि चौकात चौथऱ्यासकट साठेक फूट उंचीचा, घोड्यावर बसलेल्या माणसाचा पुतळा. लेकाला पुढे उभं करून फोटो काढला आणि जालन्याला आईला पाठवला. तिचं लगेच उत्तर : "छान आहे. हे कोणते महाराज?"

'इथले सेनापती' असं म्हणून मी वेळ मारून नेली. ते होते रॉबर्ट ई. ली. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली, त्यांच्या सैन्याचे सगळ्यात मोठे सेनानी. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात रिचमंड ही त्या फुटीर राज्यांची, म्हणजे कॉन्फेडरसीची राजधानी होती. म्हणजे हा हरलेल्या पक्षाच्या सेनापतीचा पुतळा, तोही युद्ध संपल्यावर पंचवीस वर्षांनी, १८९० साली उभारलेला. हरलेल्याचा एवढा मोठा पुतळा कसा, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि त्याचं अर्धं उत्तर मला घर शोधताना मिळालं.

तो चौक तेव्हा शहराबाहेरचं माळरान होता. जमीन एका श्रीमंत घराण्याची. पुतळा उभा राहिला, त्याच्याभोवती रस्ता आखला आणि प्लॉट पाडले. आपल्याकडे बिल्डर लेआउटच्या तोंडाशी आधी गणपतीचं मंदिर बांधतो ना, तसंच. पुढे रस्ता वाढत गेला तशी कॉन्फेडरसीचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि सेनापती स्टुअर्ट, जॅक्सन यांचीही स्मारकं आली. आणि ते प्लॉट कृष्णवर्णीयांना विकायचे नाहीत, हेही ठरलेलं होतं. पुतळ्याकडे बघताना मला फक्त इतिहास दिसला होता. एन.ए. प्लॉटची जाहिरात दिसली नव्हती.

विरोध काही आत्ताचा नाही. १८९०मध्येच इथल्या 'रिचमंड प्लॅनेट' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे संपादक जॉन मिचेल यांनी लिहून ठेवलं होतं की पुतळा उभारायला कृष्णवर्णीय मजुराचेच हात लागले, आणि वेळ आली तर तो उतरवायलाही तोच असेल. ८ सप्टेंबर २०२१ला लींचा पुतळा उतरवला तेव्हा ते काम खरोखरच एका कृष्णवर्णीय ठेकेदाराच्या कंपनीने केलं. वाटेतल्या पुलांखालून ट्रक जावा म्हणून पुतळा कमरेत कापावा लागला.

पण ही पुढची गोष्ट. आधी २०२० आलं. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, इथे लोक रस्त्यावर उतरले. जूनमध्ये डेव्हिसचा पुतळा जमावाने ओढून पाडला. १ जुलैपासून नवा कायदा लागू झाला, त्याने असे पुतळे हलवायचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. त्याच दिवशी भर पावसात शहराने जॅक्सनचा पुतळा उतरवला. आमच्या मराठी ग्रुपवर त्या आठवड्यात दोनच प्रकारचे मेसेज होते : 'त्या बाजूला जाऊ नका' आणि 'आपल्याला काय करायचंय?' दुसरा मीही टाकला होता.

२०२१च्या वसंतात घर शोधायला निघालो. व्याजदर कमी, घरं कमी, गिऱ्हाईक फार. आमची एजंट मोठी उत्साही बाई. छत, प्लंबिंग, तळघरातली ओल, सगळं न विचारता सांगायची. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "एरिया कसा आहे? लोक कसे आहेत?" बाई एकदम गप्प. मग हसून म्हणाली, "हे मला सांगता येत नाही. तुम्ही वेगवेगळ्या वेळी येऊन स्वतः बघा."

मला वाटलं टाळतेय. नंतर कळलं की कायदाच तसा आहे. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, धर्म, मूळ देश यांवरून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून परतवणं बेकायदेशीर. 'लोक कसे आहेत' याचं उत्तर देणं म्हणजे नेमकं तेच करणं. जन्मभर ज्या प्रश्नाने घर बघायला सुरुवात केली, तो इथे तोंडातून काढायचा नाही!

जो प्रश्न एजंटला विचारता येत नाही, तो आपली माणसं शाळेच्या रेटिंगमधून विचारतात. वेबसाइटवर दहापैकी नऊ दिसले की घर बघायला जायचं, तीन दिसले की तो भाग सोडून द्यायचा. रेटिंग येतं परीक्षेच्या गुणांवरून, गुण बरेचसे घरच्या पैशाबरोबर चालतात, आणि पैसा कुठल्या वस्तीत साठला हे तर शंभर वर्षांपूर्वीच ठरलेलं. जॅक्सन वॉर्ड हा इथला कृष्णवर्णीयांचा नांदता भाग. तिथल्या मॅगी वॉकर यांनी १९०३मध्ये बँक काढली. बँक स्थापन करणारी ती या देशातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पुढे तीसच्या दशकात गृहकर्जाच्या सरकारी नकाशात तोच भाग लाल रंगाने धोक्याचा ठरला आणि पन्नासच्या दशकात त्याच्या मधून हायवे काढला. शॉर्ट पंपहून सामान घेऊन त्या हायवेने आम्ही कितीदा गेलो असू.

शहराबाहेर मेकॅनिक्सव्हिलला एक घर मनात भरलं होतं. अंगण मोठं, किंमत आवाक्यातली. पण तिथल्या हायस्कूलचं नाव वर्षभरापूर्वीपर्यंत 'ली-डेव्हिस' होतं आणि तिथल्या खेळाडूंना म्हणायचे 'कॉन्फेडरेट्स'. शाळा उघडली १९५९ची. तारीख बघा. १९५४ला सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्याकाळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा व्हर्जिनियाने एकत्र शिकवण्यापेक्षा काही शाळांना टाळं लावणं पत्करलं. ते वातावरण असताना हे नाव दिलेलं. २०२०च्या जुलैत शाळा मंडळाने चार विरुद्ध तीन मतांनी ते बदललं. एक मत! आम्ही घराच्या ओसरीत उभं राहून त्या एका मताचा हिशेब करत बसलो. घर सोडलं. नवरा अजून म्हणतो, नाव तर बदललं होतं, मग अंगण का सोडलं? त्याचं सगळंच चूक नाही. पण नाव बदलून सगळं मिटतं असंही नाही : इथून उत्तरेला शेनान्डोआ काउंटीने शाळांची बदललेली नावं २०२४मध्ये पुन्हा जुनी केली.

शेवटी घर घेतलं शहराच्या उत्तर भागात, नॉर्थसाइडला. १९२०च्या दशकातलं विटांचं घर, पुढे पडवी, रस्त्यावर जुनी ओक. ग्रुपवर प्रतिक्रिया आली, "तिकडे? तिकडे तर 'ते' लोक जास्त आहेत ना?" 'ते' या शब्दावरचा तो हलका जोर मला ओळखीचा वाटला. जालन्यात वडील घर बघत होते तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. एक चांगलं घर हातचं गेलं, कारण 'वस्ती मिक्स आहे'. मिक्स म्हणजे काय, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि विचारायचं नाही एवढं मात्र कळलं.

आमच्या घराजवळच्या चौकातही एक सेनापती होते, ए. पी. हिल. १८९२चा पुतळा, नॉर्थसाइडच्या जमिनीत पैसा गुंतवलेल्या धनिकाच्या जागेवर उभारलेला. हा पुतळा सगळ्यात शेवटपर्यंत टिकला कारण खाली हिल यांचे अवशेष पुरलेले होते. आणि त्याला अगदी लागून प्राथमिक शाळा, लिनवुड होल्टन यांच्या नावाची. होल्टन १९७०मध्ये राज्याचे गव्हर्नर होते. शाळा एकत्र करायच्या आदेशावरून गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरांत पळत होती, तेव्हा हा माणूस स्वतःच्या मुलीचा हात धरून तिला कृष्णवर्णीय मुलांची बहुसंख्या असलेल्या सरकारी शाळेत पोचवायला गेला. त्याचा फोटो देशभर गाजला. एकाच चौकात दोघे! रोज सकाळी गाड्या हिलना वळसा घालून होल्टनच्या शाळेत मुलं सोडायच्या.

समोरच्या आजोबांचे पणजोबा त्या युद्धात लढले होते. आजोबा मनाने अतिशय चांगले. पहिल्या हिवाळ्यात आम्हाला बर्फ काढायचं फावडं त्यांनीच दिलं. त्यांचं म्हणणं, "पणजोबांकडे एकही गुलाम नव्हता. गरीब शेतकरी, सांगितलं म्हणून गेला. त्याची आठवण कुठे ठेवायची?" दोन घरं पलीकडच्या निवृत्त शिक्षिका कृष्णवर्णीय. त्या म्हणाल्या, "आठवण कबरीवर ठेवावी. माझ्या शाळेच्या रस्त्यावर नको." दोघांची वाक्यं मी जशीच्या तशी लिहिली आहेत. मला स्वतःला शिक्षिकाबाईंचं पटतं. आजोबांच्या पणजोबांचा पुतळा कोणी उभारलाच नव्हता. उभारला तो त्यांच्या सेनापतीचा.

अर्थात इथल्या लोकांची सगळ्यांना खूश ठेवायची हौसही पाहण्यासारखी. १९८४ ते २०००पर्यंत व्हर्जिनियात जानेवारीतल्या एकाच सुट्टीचं नाव होतं 'ली-जॅक्सन-किंग डे'. हे किंग म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग! असली तडजोड आपल्याकडच्या समितीलाही सुचली नसती, असं म्हणणार होते, पण मला 'नामविस्तार' आठवला. १९७८मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळल्या. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, तेही जुनं नाव शेवटी ठेवून. मामांच्या भिंतीवरच्या पदवीवर जुनं नाव, माझ्या पदवीवर लांब नाव. मामा चांगलाच माणूस, आम्हा भाचरांवर जीव टाकणारा. पण मरेपर्यंत तो 'औरंगाबाद युनिव्हर्सिटी'च म्हणत राहिला. कारण विचारलं की म्हणायचा, "सवय गं."

समोरचे आजोबाही 'आर्थर अ‍ॅश बुलेव्हार्ड'ला नुसतं 'द बुलेव्हार्ड' म्हणतात. टेनिसपटू अ‍ॅश इथलेच. लहानपणी त्यांना गोऱ्यांच्या कोर्टवर खेळू दिलं नव्हतं. रस्त्याला त्यांचं नाव २०१९मध्ये लागलं. "सवय," आजोबा म्हणतात.

आता जे सांगायचं होतं ते. घराच्या कागदपत्रांत विसाच्या दशकातला लेआउटचा मूळ दस्त निघाला. त्यात एक कलम : कॉकेशियन वंशाखेरीज कोणालाही ही मालमत्ता विकू नये, भाड्याने देऊ नये, घरकामाचे नोकर अपवाद. वकील म्हणाला, "दुर्लक्ष करा. १९४८पासून कुठलंच न्यायालय हे बजावत नाही." मी मात्र ते कलम तीनदा वाचलं. आपण कॉकेशियन की नाही? १९२३मध्ये भगतसिंग थिंड या शीख माणसाने सर्वोच्च न्यायालयात हाच वाद घातला होता. न्यायालय म्हणालं, पुस्तकात काहीही असो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तू गोरा नाहीस. म्हणजे ज्या पडवीत मी चहा पिते तिथे मला मोलकरीण म्हणूनच येता आलं असतं. 'आपल्याला काय करायचंय' हा माझा मेसेज अजून ग्रुपवर आहे.

आणि मग पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचा करार आठवला. भाडेकरू ठेवताना ब्रोकरने विचारलं होतं, "फक्त व्हेज फॅमिली लिहू ना?" आम्ही "हो" म्हटलं होतं. कारण सोसायटीत सगळे तेच लिहितात. लींचा पुतळा उभा राहायच्या सतरा वर्षं आधी, १८७३मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यात बसून 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. शाळेत ही अर्पणपत्रिका दोन मार्कांना असायची.

२०२०पासून व्हर्जिनियात असं कलम रद्द झाल्याची नोंद करण्यासाठी सोपा फॉर्म आहे. मी भरून ठेवला. नवरा म्हणाला, "राहू दे की दस्तात. काढलंस तर लेकाला कसं कळणार?" मी म्हटलं, "आजोबा पुतळ्याबद्दल हेच म्हणत होते." त्यावर आमचं दोन दिवस वाजलं. फॉर्म अजून सहीविना ड्रॉवरमध्ये आहे. फॉर्म दिल्याने मूळ दस्त पुसला जात नाही, फक्त रद्द झाल्याची नोंद होते, हे त्याला दाखवलं. आता तो "बघू" म्हणतो.

हिल यांचा पुतळा १२ डिसेंबर २०२२ला उतरला, अवशेष त्यांच्या मूळ गावाकडे नेऊन पुरले. चौकात आता नुसतं डांबर.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिले सहा महिने ग्लेन अ‍ॅलनलाच राहा. गाडी, लायसन्स, शाळा, सगळं सोपं जाईल. तेवढ्यात सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला नॉर्थसाइडला दोनदा ये. मी असतेच, पोहे करते. रेटिंग बघ, पण शाळेत जाऊनही बघ. लेकाच्या शाळेत मला खटकणाऱ्या गोष्टी आहेत, गणिताला तीन वर्षांत तीन बाई झाल्या, त्या सगळ्या भेटीत सांगेन. आणि ते पुण्यातल्या फ्लॅटचं : कराराचं नूतनीकरण जूनमध्ये आहे, ब्रोकरला ती ओळ काढायला सांगितली आहे. त्याने विचारलं, "मॅडम, सोसायटीला काय सांगू?"