माझा विरोध लिहा

बायकांना पुढारीपण कसं शिकवता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बडोद्यात दांडिया बाजारातलं हळदीकुंकू असो की सुरसागरच्या काठावरची संध्याकाळ, मला एकच प्रश्न येतो: "काकू, तुम्ही मंडळीतल्या बायकांना पुढारीपण शिकवता म्हणजे नेमकं काय शिकवता?" विचारणारीच्या डोळ्यांपुढे व्यासपीठ असतं, माईक असतो, हार असतो. मी म्हणते, वही वाचायला शिकवते. की विषय तिथेच संपतो.

मंडळी म्हणजे आमच्या बडोद्याच्या बोलीत पतपेढी. वही म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहायचं मिनिट बुक.

तीसेक वर्षांपूर्वी मी एका मंडळीवर संचालक झाले. झाले कसली, बसवली. पॅनेलला एक बाई हवी होती आणि आमच्या घरातली दोन मतं पॅनेलवाल्यांच्या उपकाराखाली होती. मीटिंग रात्री साडेआठला, म्हणजे नेमकी पोळ्यांच्या वेळेला. मी जायचे कमीच. दुसऱ्या दिवशी शिपाई सायकलवरून वही घेऊन यायचा, बोट ठेवून दाखवायचा, "बेन, अहीं." मी कणकेचे हात पदराला पुसून सही करायचे. एका पानावर अजून पिठाचा डाग असेल. त्याच पानावरचं कर्ज बुडालं. चौकशी लागली, तेव्हा अधिकाऱ्यांनी वही माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "ही सही तुमचीच ना?" निष्काळजीपणाने झालेलं नुकसान संचालकांकडून व्यक्तिशः वसूल करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. ह्यांनी पीएफमधून पैसे काढले. त्या मंडळीचं नाव सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही.

तसं पाहिलं तर सहकार आमच्या गावाला नवा नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ साली बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तेव्हा सहकाराचा कायदा यायला अजून पंधरा वर्षं होती. तो आला १९०४ साली. ह्याचा अभिमान आम्ही मराठी माणसं पंगतीपंगतीत मिरवतो, मीही मिरवते. पण बायकांच्या जागेचा विषय निघाला की लोक लगेच कायद्याकडे बोट दाखवतात. २०१२ मध्ये सहकारी संस्थांबद्दलची ९७ वी घटनादुरुस्ती लागू झाली, तिच्यात संचालक मंडळावर बायकांसाठी दोन जागा होत्या. तिला आव्हान मिळालं ते आमच्याच गुजरातच्या हायकोर्टात. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने, एका राज्यापुरत्या संस्थांना घटनेतला तो भाग लागू नाही, असा निकाल दिला. कारण राज्यांच्या अधिकाराचं होतं, बायकांचं नव्हतं. बहुराज्य संस्थांच्या कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने दोन जागा आल्या आहेत. चांगलंच आहे. पण मी "एक बाई हवी" म्हणून भरलेल्या जागेवर बसून आलेली बाई आहे. खुर्ची मिळाली म्हणून वही वाचता येते असं नाही.

"शिकलेल्या नाहीत हो त्या," असंही कुणी सांगतं. तेव्हा मी अहमदाबादच्या सेवा बँकेचं उदाहरण देते. १९७४ साली 'सेवा' संघटनेच्या इला भट्टांच्या पुढाकाराने चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये घालून ती उभी केली. सही न येणारीची ओळख पटावी म्हणून पासबुकावर तिचा फोटो. शाळा झाली नाही म्हणून कुणी अडलं नाही.

आता आमची एक संचालक. मांडवीजवळ साड्यांना फॉल-पिको करते. तिला मी वर्षभर बरोबर घेतलं. पहिलं काम एकच: सभेत बसायचं, स्वतःच्या वहीत स्वतःच्या भाषेत लिहायचं आणि नंतर मंडळीची वही मागून दोन्ही शेजारी ठेवून वाचायच्या. आमची वही गुजरातीत, हिची मराठीत, मधेमधे दोन्हीची खिचडी. पहिल्याच महिन्यात ती घुश्शात आली. एका कर्जाला तिचा मनातून नकार होता. दोन कर्जदार एकमेकांचे जामीन होते. हे तिला कागदावरून कळलं नव्हतं, दोन्ही घरच्या साड्या तिच्याकडे येतात म्हणून ठाऊक होतं. आणि वहीत लिहिलेलं, "सर्वानुमते मंजूर करवामां आवे छे."

"पण मी तर गप्प होते!" ती म्हणाली.

"मग सर्वानुमतेच झालं की."

पुढच्या महिन्यात तसंच एक प्रकरण आलं. ती उभी राहिली, म्हणाली, "माझा विरोध लिहा." क्लार्कने पेन उचललं आणि सरळपणे विचारलं, "शुं लखुं, बेन?" तिला शब्दच सुचेनात. शेजारचे काका हसून म्हणाले, "रहेवा दो ने." आणि ते राहिलं.

चूक माझी. विरोध करायला शिकवला, विरोधाचं वाक्य दिलंच नव्हतं. तेव्हापासून आम्ही वाक्यं घोकतो, अक्षरशः पाढ्यासारखी: जामीनदार स्वतः थकबाकीत आहे, म्हणून माझी असंमती. कागद आदल्या दिवशी मिळाले नाहीत, म्हणून माझी असंमती. कारण एका ओळीत, कुणाचा स्वभाव काढायचा नाही. एवढं वहीत उतरलं की उद्या चौकशीत वेगळं उभं राहता येतं. शिबिरांत आत्मविश्वास वाटतात म्हणे. मला त्याचा अनुभव नाही.

बाकी फुटकळ गोष्टी. सभेची नोटीस नवऱ्याच्या मोबाइलवर जाता कामा नये, रजिस्टरात बाईचाच नंबर हवा. ऑडिट मेमो, म्हणजे हिशेब तपासणाऱ्याने काढलेल्या दोषांचा कागद, मागवायचा आणि गेल्या वर्षीचे दोष यंदा पुन्हा आलेत का, तेवढंच आधी पाहायचं. थकबाकीची यादी तर आमच्या बायका पेपरातल्या निधनवार्तांसारखी वाचतात, सगळी माणसं ओळखीची.

माझं सगळंच फळाला आलं असं समजू नका. माझ्याच हाताखालची एक आज चेअरमन आहे. हुशार, कामाला वाघ. गेल्या महिन्यात तिने सभा घाईत उरकली आणि वही सह्यांसाठी घरोघरी पाठवली. आता शिपाई स्कूटरवरून येतो, एवढाच फरक. फॉल-पिकोवालीने वही ठेवून घेतली, "वाचून देते, उद्या या." रात्री चेअरमनबाईंचा मला फोन. "काकू, तिला जरा समजवा ना, तुमचं ऐकते ती."

मी विचारलं, "कुठल्या पानावर अडलीय? त्या पानाचा फोटो पाठव आधी."