बघू

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

आज चिंगीचा एक्स-रे चांगला आला. खरं तर एवढंच लिहून दिवा बंद करायला हवा होता.

बिल भरताना काउंटरवरच्या पोरानं पावतीबरोबर एक पिवळा कागद सरकवला. "काकू, हा पण एक घ्या. घरी दुसरा आहे ना तुमच्याकडे? त्याच्यासाठी. म्हणजे... नंतरसाठी." वर छापलं होतं, पाळीव प्राण्यांचे अस्थिदान, मालकाचे संमतिपत्र. मी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं, चार घड्या घातल्या, पर्सच्या चेनच्या कप्प्यात टाकलं आणि म्हणाले, "बघू."

झालं ते इतकंच. तो पोरगा काही बोललाही नाही. मागच्या माणसाच्या पिशवीत मांजर केकाटत होतं, तो तिकडे वळला. मी चिंगीला पदराखाली घेऊन रिक्षात बसले आणि नळस्टॉपच्या सिग्नलला ते "बघू" पहिल्यांदा टोचलं.

बघू म्हणजे काय ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सोसायटीची जादा वर्गणी, कुणाच्या तरी भाच्याचं स्थळ, वरच्या मजल्यावरच्यांचं "या ना एकदा चहाला". नाही म्हणायची लाज वाटते तिथे बघू. आणि नऊ आठवड्यांपूर्वी ह्याच काउंटरवर, ह्याच पोरानं दुसरा कागद पुढे केला होता, तेव्हा नाही मी बघू म्हणाले. पेन नव्हतं तर शेजारच्या बाईकडून मागून घेतलं होतं.

तेव्हाचं सगळं आठवत बसले आहे. पहिल्या ठिकाणी सहा आठवडे प्लास्टर घालून ठेवलं होतं, तो विषय पुन्हा काढत नाही, ह्यांचं बीपी वाढतं. मग हे डॉक्टर. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. मनगटाच्या जरा वर चिंगीच्या हाडाची दोन टोकं, तासलेल्या पेन्सिलीसारखी निमुळती झालेली, आणि मध्ये काही नाही. दिवाणावरून मारलेली एक उडी. खाली कुरिअरवाला आलेला आणि हिला त्याच्यावर भुंकायचं होतं, बाकी काही कारण नाही. डॉक्टर म्हणाले, पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांचं हे नेहमीचं दुखणं. त्या जागी स्नायूंचं आवरण नाही, रक्तपुरवठा तुटपुंजा, मग नुसत्या प्लास्टरनं हाड धरत नाही. आमच्या दुसऱ्या कुत्र्याचा, भैरूचा, पाय मोडला असता तर काठी बांधली असती तरी जुळला असता, हे त्यांनी नाही, मी म्हणाले.

मग प्लेट, स्क्रू, आणि हाडाचं कलम. हा शब्द मी आंब्याच्या बाहेर पहिल्यांदाच ऐकला. खांद्याजवळच्या हाडाच्या आतला मऊ, जाळीदार भाग छोट्या चमच्यासारख्या हत्यारानं खरवडून काढायचा आणि तुटलेल्या जागी भरायचा. पण सव्वातीन किलोचं कुत्रं, त्याच्या खांद्यातून निघून निघून किती निघणार? चहाचा अर्धा चमचाही नाही. "कमी पडेल ते आपण दुसऱ्या कुत्र्याचं वापरू."

"दुसऱ्या म्हणजे?"

"गेलेल्या. मालकांनी दिलेलं असतं."

शिंप्यानं अस्तर आमच्याकडचंच लावतो म्हणावं, तसं मी ते ऐकलं. अस्तराला हो म्हणतात तसं हो म्हणाले.

त्यांनी समजावूनही सांगितलं होतं. चिंगीचं स्वतःचं हाड म्हणजे विरजण, त्यात जिवंत पेशी असतात. दात्याचं हाड म्हणजे मांडव. त्यातलं रक्त, मज्जा धुऊन काढलेली असते, म्हणून अंग ते सहसा झिडकारत नाही. वेल चिंगीचाच, त्याला चढायला आधार हवा. आणि वेल चढत गेला की मांडव हळूहळू विरत जातो, त्याच्या जागी हिचंच हाड येतं. (विरजण आणि मांडव एकाच उत्तरात. माझ्या वर्गात असते तर अर्धा मार्क कापला असता.)

डबी दाखवली होती. फ्रीजरमधून काढलेली, बाहेरून बर्फ धरलेली, आत तांदळाच्या कणीसारखं काहीतरी. उणे ८० अंशांत ठेवतात म्हणे. झाकणावर चिकटपट्टी, त्यावर एक नंबर आणि पेननं लिहिलेलं: लॅब्रेडॉर, नर. उकडीला तांदूळ घेताना मी वाण्याला आंबेमोहर नवा की जुना ते दोनदा विचारते. इथे काही विचारलं नाही. नाव नाही, कुणाचा ते नाही, कसा गेला ते नाही.

आज दोन एक्स-रे शेजारी लावले होते. ऑपरेशननंतरच्यात कणी वेगवेगळी दिसते, मोजता येईल अशी. आजच्यात तिथे ढगासारखं काहीतरी, कणी दिसेनाशी झालेली, आणि त्या ढगातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साय धरल्यासारखी रेघ. "हे हिचं," डॉक्टर म्हणाले. मला आनंद झाला. खरंच झाला. आणि पंधरा मिनिटांनी मी बघू म्हणाले.

पण मी म्हणते, माझ्याकडेच का मागावं सगळ्यांनी? तीन महिने मी त्या पोरीला उचलून शू करायला नेते आहे. दिवाण हलवला, सतरंज्या अंथरल्या, ह्यांची एफडी मोडली. माझे गुडघे कुणी विचारत नाही. टेकडीवर जाऊन किती दिवस झाले? आणि आता भैरूही द्या. भैरू जिवंत आहे हो अजून! गॅलरीत आहे, पायपुसण्यावर, मागचा पाय झोपेत हलतोय. मघाशी जाऊन त्याच्या मांडीवर हात ठेवून आले. केसांखाली कातडी, कातडीखाली आता फारसं मांस नाही, लगेच ते लांब हाड लागतं. तेच मागतात. हाताखाली ते गरम लागलं आणि मी हात काढून घेतला.

मनूला फोन केला तर ती हसली. "आई, फॉर्म आहे तो. किडनी नाही मागितली." तिला काय जातंय. तिच्याकडे, परदेशात, तेव्हा रात्र नव्हती.

मग मोबाईलवर वाचत बसले, जे बसू नये. कुणा डच शल्यविशारदानं, योब फान मेकरेन त्याचं नाव, त्याच्या १६६८ साली छापलेल्या पुस्तकातली हकिकत. रशियातल्या एका उमरावाची कवटी तलवारीच्या घावानं फुटली, तिथे कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवला, आणि तो बरा झाला. तर चर्चनं त्याला वाळीत टाकलं, माणसाच्या डोक्यात कुत्र्याचं हाड म्हणून. बिचारा काढून घ्या म्हणायला गेला, पण तोवर तुकडा इतका एकजीव झाला होता की काढता येईना, असं म्हणतात. हे वाचून मला त्या उमरावापेक्षा कुत्र्याचीच चौकशी करावीशी वाटली. त्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

माणसांचं सगळं रीतसर आहे. मुंबईला टाटा हॉस्पिटलात १९८८ पासून ऊतिपेढी आहे, हाडं गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आहे, २०११ च्या दुरुस्तीनं त्यात ऊतीही आल्या. तो कायदा माणसांचा. कुत्र्याच्या वतीनं मालकानं सही करायची, संपलं. दधीचीची गोष्ट मी तीस वर्षं वर्गात सांगितली, वज्र कशाचं केलं, हात वर करा. पण त्याला निदान देवांनी येऊन विचारलं तरी होतं. आणि तो बघू नव्हता म्हणाला.

आप्पांचा फॉर्मही असाच होता. पिवळा नव्हता, पांढरा. गोदरेजच्या कपाटात, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये. दाखवला होता त्यांनी मला, दोनदा. फॉर्म भरलेला असला तरी त्या वेळी फोन घरच्यांनीच करायचा असतो, सहा तासांत न्यायला हवं, डोळ्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, हे सगळं मला माहीत होतं. पहाटे चारला गेले. दादा नाशिकहून निघाला होता. मी म्हणाले, तो येऊ दे, मग बघू. पंखा पाचवर होता.

असो. बारा वाजून गेले.


गुरुवार, दुपार

सकाळी अंघोळ झाल्या झाल्या दवाखान्यात फोन लावला, धीर जायच्या आत. डॉक्टर स्वतःच होते. मी सगळं पाठ करून ठेवलं होतं, विद्यार्थिनीसारखी उभी राहूनच बोलले. म्हटलं, डॉक्टर, काल मी नीट बोलले नाही तुमच्या मुलाशी. मी सही करते आहे. फक्त मला एवढं सांगा की नंतर तो आम्हाला परत मिळेल ना, म्हणजे दहनासाठी. म्हणाले, मिळतो, ऑपरेशन थिएटरातच काढतो, टाके घालून देतो, वरून कळतही नाही. मग विचारलं, "वय काय त्याचं?"

"तेरा पूर्ण. दिवाळीत चौदा होतील."

जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्यांचा तो मऊ आवाज, जो ते माणसांसाठी राखून ठेवतात. "काकू, मग नको. म्हाताऱ्या कुत्र्याचं नाही चालत आपल्याला. हाड ठिसूळ झालेलं असतं. वाढ पूर्ण झालेला, पण सात-आठ वर्षांच्या आतला लागतो. कॅन्सर नको, जंतुसंसर्ग नको. त्या मुलानं विचारायला हवं होतं आधी."

मी फोन ठेवला आणि हसत सुटले. हे पेपर खाली करून बघायला लागले. अहो, रात्रभर मी दधीची, टाटा आणि रशियाचा उमराव करत होते आणि भैरू पहिल्याच फेरीत बाद! वरसंशोधनात मुलीकडच्यांनी मनाची पूर्ण तयारी करावी आणि मुलाकडून निरोप यावा की पत्रिका जुळत नाही. वर मला जरा अपमानही वाटला. न चालायला काय झालं, अजून दोन पोळ्या खातो. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. मी तरी कुठे सही करू देणार होतो?" काल एक शब्द बोलले नव्हते.

भैरूला दोनाऐवजी तीन पोळ्या घातल्या. तिसरी चिंगीनं पळवली, तीन पायांवर. चौथा आता जमिनीला टेकवता येतो तिला, फिरताना टेकवते, पण चोरी करताना सवयीनं वर धरते.

भांडी घासताना मात्र हात थांबला.

सात-आठ वर्षांच्या आतला लागतो. म्हणजे तो डबीतला लॅब्रेडॉर. तो काही तेरा वर्षं पायपुसण्यावर घोरून गेलेला नव्हता. तरणाताठा होता. सकाळी फिरून आला असेल, आणि मग गाडीखाली, नाहीतर पोटाला पीळ पडून, काय ते. आणि त्या घरातल्या कुणासमोर तरी त्याच दुपारी हा कागद ठेवला असणार. नंतरसाठी वगैरे काही नाही, आत्ता. गळ्यातला पट्टा अजून हातातच असेल. त्या माणसाला बघू म्हणायची सोय नव्हती. का होती, आणि तरी म्हणाला नाही?

बाई असेल का? मला का कोण जाणे बाईच दिसते. नळाखाली हात धरून किती वेळ उभी होते, पाणी वाहत होतं.

त्यांना कळवता येईल का, डॉक्टरांना विचारणार होते, की हाड लागलं म्हणून. मग वाटलं, कशाला. कुणाच्या तरी घरी फोन वाजावा आणि पलीकडून एका पॉमेरेनियनच्या बाईनं आनंदानं सांगावं, असं काही सुख नाही ते. का असेल? ठरत नाही. डॉक्टरांना सांगून ठेवेन, त्यांनी कधी विचारलं तर सांगा.

पिवळा कागद पर्समधून काढला. मागची बाजू कोरी आहे. चिंगीच्या गोळ्यांच्या वेळा लिहून फ्रिजवर लावला. छापील बाजू आत.

नेत्रदानाला वयाची अट नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं, मधुमेह असला तरी चालतो. हेही काल रात्रीच वाचलं होतं, लिहिलं नव्हतं. दोन फॉर्म आणायचे आहेत. एक मी भरेन, दुसऱ्याचं ह्यांना चहाच्या वेळी विचारायचं आहे. काय म्हणतील ते माहीत आहे मला.