तीन की आठ? बाबांची दुनळी माझ्या नावावर होईपर्यंत

अकरा महिने. एका आकड्यासाठी अकरा महिने घालवले मी. बाबांच्या दुनळी बंदुकीचा परवाना आता माझ्या नावाने कपाटात आहे, तरी ते प्रकरण आठवलं की डोकं तापतं. निदान दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहायला बसले.

बंदूक म्हटलं की ग्वाल्हेरातले आमचे नातेवाईकसुद्धा पहिला प्रश्न हाच विचारतात, "शिकारीला जाणार का?" नाही. आजोबा जायचे. थंडीत ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणाच्या पाण्यावर बदकं, माळावर तित्तर आणि लावा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यावर निर्बंध आणले, आणि 1991 च्या दुरुस्तीने छोट्या शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले. ते योग्यच झालं. बाबांनी बंदूक जपली ती आजोबांची म्हणून, आणि मला हवी होती ती ट्रॅप नेमबाजी शिकायची म्हणून. उडणाऱ्या पाखराऐवजी 110 मिलिमीटरची तबकडी यंत्रातून सुटते आणि ती हवेत फोडायची. करणी सिंह यांनी 1962 साली जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं ते याच प्रकारात आणि मानवजित सिंग संधू 2006 मध्ये जगज्जेता झाला तोही यातच.

बाबा 2023 च्या फेब्रुवारीत गेले. परवानाधारक गेला की बंदूक घरी ठेवता येत नाही, जमा करावी लागते. ती पोलीस ठाण्यात ठेवता येते किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे. मी विक्रेत्याकडे ठेवली. दरमहा भाडं पडतं, पण नळ्यांना तेल लावलं जातं. पावती मात्र बंदुकीच्या क्रमांकासकट घ्या. भावाचं पुण्याहून ना-हरकत प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलिसांची चौकशी, हे सगळं जूनपर्यंत उरकलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

घोडं अडलं ते क्रमांकावर.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. बंदूक त्यांच्या नावावर चढली ती दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला असताना, आणि बदली होऊन इथे आल्यावर परवाना इकडे नोंदला गेला. त्या परवान्यात क्रमांकाचा शेवटचा आकडा 3. बंदुकीवर 8. इतकी वर्षं नूतनीकरण होत आलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. आता ऑनलाइन नोंद करायची म्हटल्यावर आलं.

विक्रेते चाचा बाबांना ओळखणारे. त्यांनी पुढचा लाकडी हात काढला, नळ्या वेगळ्या केल्या आणि उलट्या करून माझ्यासमोर धरल्या. खालच्या सपाट भागावर आकडे होते, झिजलेले, काळपट. त्यांनी त्यावर पांढरा खडू घासला आणि अंगठ्याने पुसला. खडू खोबणीत राहिला आणि आकडा उठून दिसला. दोन बंद गोल. "आठ है, बिटिया," ते म्हणाले. त्या क्षणी मला वाटलं, संपलं काम.

कसलं संपतंय! मूळ जिल्ह्यातून खुलासा मागवावा लागेल, असं मला सांगण्यात आलं. ऑगस्टमध्ये पत्र गेलं. सप्टेंबरमध्ये मी फोन केला तर म्हणे, पत्र मिळालंच नाही. दुसरं पाठवलं. ते मिळालं, पण "साहेबांसमोर ठेवलंय". 9 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. आमच्या भागात निवडणूक आली की घरोघरच्या बंदुका जमा होतात. माझी तर आधीच जमा होती, तरी फाइल थांबली. डिसेंबरात निकाल लागले, मी जानेवारीत स्मरणपत्र दिलं. पुन्हा तेच, "ऊपर से नहीं आया." 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता. पुन्हा जूनपर्यंत सगळं ठप्प. आई दर आठवड्याला विचारायची, "बाबांची बंदूक कधी येणार गं?" आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. दर महिन्याला चाचांकडे भाडं भरायला जायचे तेव्हा पावतीवरचा तो आठ बघून अक्षरशः चीड यायची.

जुलै 2024 मध्ये मी रजा टाकली, पहाटेची गाडी पकडली आणि स्वतः त्या कार्यालयात जाऊन उभी राहिले. सोबत खडूने उठवलेल्या आकड्याचे फोटो, विक्रेत्याची पावती, बाबांच्या परवान्याची प्रत. टेबलावरच्या बाईंनी फोटो पाहिले, आत गेल्या आणि 1978 ची कापडी बांधणीची नोंदवही घेऊन आल्या. पान सापडलं. निळ्या शाईत स्वच्छ आठ. चूक पुढे कुठेतरी उतरवताना झाली होती. दाखला टाइप होऊन सही होईपर्यंत वीस मिनिटं लागली. जे काम वीस मिनिटांत होतं ते अकरा महिने पत्रांवर लोंबकळत ठेवलं! त्या बाईंचे मी मनापासून आभार मानले, पण बाहेर पायरीवर बसून रडले.

म्हणून सांगते, पत्रांच्या भरवशावर राहू नका. पहिल्या महिन्यातच स्वतः जा. आणि ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी आजच परवाना आणि बंदूक शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून बघा. परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, की तो जिवंतपणीच वारसाच्या नावे परवाना मागू शकतो. 2016 च्या नियमांत ही सोय आहे. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. हे तेव्हा माहीत असतं तर त्यांच्यासमोरच सगळं झालं असतं, हे मला अजून बोचतं.

राहून गेलेलं एक: अर्जात क्षेत्र लिहिताना विचार करा. मी भोपाळला सरावाला जाणार म्हणून संपूर्ण मध्य प्रदेश मागितला. फक्त जिल्हा लिहिला असता तर बंदूक जिल्ह्याबाहेर नेता आली नसती. मुदत आता पाच वर्षांची असते. ऑक्टोबरात परवाना हातात आला.

आता सामानाबद्दल. बंदूक जुनी असेल तर आधी जाणत्या कारागिराकडून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोजून घ्या. जुन्या इंग्लिश दुनळ्यांचं चेंबर बहुतेक अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटर. हल्लीची काडतुसं सर्रास 70 ची. ती आत बसतात, पण उडताना त्यांचं दुमडलेलं तोंड उघडायला जागा अपुरी पडते आणि दाब धोकादायक वाढतो. आमची अडीच इंचीच निघाली. त्यामुळे सरावाला मी रेंजवरचीच, एकावर एक नळ्यांची बंदूक वापरते आणि बाबांची फक्त कधीतरी, 65 च्याच काडतुसांनी. ट्रॅपला 24 ग्रॅमचं काडतूस लागतं, त्यातला छरा, म्हणजे बारीक गोळ्या, साडेसात किंवा आठ नंबरचा.

पैसे थोडेच असतील तर आधी कानांवर आणि डोळ्यांवर खर्च करा. चांगला कानरक्षक आणि न फुटणारा चष्मा. जॅकेट, बूट, पिशव्या नंतर. आपला जोरकस डोळा कोणता तेही तपासा: दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर बोट धरा, मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना बोट जागचं हलत नाही तो तुमचा जोरकस. माझा डावा निघाला, म्हणून उजवा खांदा सोडून डाव्या खांद्यावर बंदूक धरायला शिकले. दस्ता खांद्यात घट्ट आणि गाल लाकडाला चिकटलेला, नाहीतर दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही.

पहिल्या फेरीत पंचवीसपैकी सहा तबकड्या फुटल्या. पहिली फुटली ती नववी, डावीकडे खाली जाणारी. नारिंगी धुरळा हवेत तसाच तरंगत राहिला आणि प्रशिक्षक मागून म्हणाले, "बंदूक थांबवली नाहीस, म्हणून लागली." संध्याकाळी आईला फोन करून पहिलं तेच सांगितलं.