पाच गुंड्या

शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४, पूल (डॉर्सेट, इंग्लंड)

बाळाला आज पाच आठवडे झाले. लेक सकाळीच म्हणाली, "आई, आल्यापासून बाळाची अंघोळ आणि माझं पथ्याचं जेवण यापलीकडे तू काही केलं नाहीस. आज बाहेर पड." शेजारच्या बाई शाफ्ट्सबरीला निघाल्या होत्या. सत्तरी ओलांडली तरी गाडी स्वतः चालवतात. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं आणि मेंढ्या.

गाव टेकडीवर आहे. गोल्ड हिल नावाची दगडी फरशीची उभी चढण आणि तिच्या माथ्यावर लहानसं संग्रहालय. बाई मला थेट एका काचेच्या कपाटापाशी घेऊन गेल्या. मी विणकाम करते हे त्यांना ठाऊक आहे.

आत गुंड्या होत्या. बटणं म्हणवत नाही त्यांना. आमच्या आजोबांच्या बंडीला कापडाची गाठ मारून केलेली असायची ती गुंडी आणि बाजारातून आणलेलं ते बटण, हा फरक लहानपणापासून डोक्यात बसलाय. या सुताच्या होत्या, म्हणजे गुंड्याच. एखादी रुपयाएवढी, काही तर मसुराच्या दाण्याएवढ्या, आणि त्या दाण्यावरसुद्धा बैलगाडीच्या चाकासारखे आरे. सुईचं टोक तिथे शिरलं तरी कसं असेल!

डॉर्सेटमध्ये हा धंदा १६२२ साली अब्राहम केस नावाच्या माणसाने याच गावात सुरू केला. सुरुवातीला मेंढ्याच्या शिंगाची चकती घ्यायचे, तिच्यावर कापडाचा तुकडा शंकूसारखा ओढून सुताने भरून काढायचे. त्याला हाय टॉप म्हणत. इथल्या मेंढ्यांच्या जातीत माद्यांनाही शिंगं असतात, म्हणजे माल दारातच. पुढे बर्मिंगहॅमहून तार येऊ लागली आणि तारेच्या कडीवर गुंडी विणायची पद्धत रुळली. तारेला वळण देणारे वाइंडर, सांधा डाग देऊन जोडणारे डिपर, कड्या मोजून दोरीत ओवणारे स्ट्रिंगर. ही कामं बहुतेक मुलं करत. मोजणी ग्रोसवर, म्हणजे १४४ वर. विणायचं काम बायकांचं, घरबसल्या. ठरलेल्या दिवशी माल घेऊन दलालाकडे जायचं. मोबदला पुष्कळदा रोख नसे, त्याच्याच दुकानातलं सामान उचलायचं.

तिथे मग माल निवडला जाई. उत्तम गुंड्या गुलाबी कार्डावर, त्या परदेशी जायच्या. दुय्यम निळ्या कार्डावर. सर्वसाधारण पिवळ्या कार्डावर.

हे वाचलं आणि माझे पाय तिथेच थांबले. आमच्या सिन्नरच्या घरात अशाच निवडीचा शब्द रोज संध्याकाळी ऐकू यायचा. कार्ड नव्हे, छाट, म्हणजे आईने वळलेल्या विड्यांतला नापास करून बाजूला टाकलेला माल. "आज किती छाट निघाली?"

बुधवार, ९ ऑक्टोबर

काल बाईंनी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून शिकवलं. पितळेची कडी, वीस मिलिमीटरची. जाडसर चमकदार सुती दोरा, साधारण अडीच मीटर. बोथट टोकाची सुई.

पहिलं काम कडी झाकायचं. काजाला घालतो तसा टाका कडीभोवती घालत जायचा, एकाला एक चिकटून, पितळ कुठे दिसता कामा नये. याला त्या कास्टिंग म्हणतात. टाके पूर्ण झाले की बाहेरच्या कडेला गाठींची एक नक्षी उभी राहते. ती अंगठ्याने दाबत दाबत आतल्या बाजूला फिरवायची, हे स्लिकिंग. दिसायला काहीच नाही, पण हे झाल्याबरोबर कडीची धाव, म्हणजे बाहेरची कड, गुळगुळीत होते आणि गुंडीला रूप येतं. मला हे सगळ्यांत आवडलं. अंगठ्याखाली सगळा टाका एकदम कूस बदलतो.

मग आरे. दोरा वरून खाली, मागून परत वर, कडी थोडी फिरवायची, पुन्हा तेच. सहा वेढ्यांत बारा आरे पडतात. या वेळी पुढचे दोरे आणि मागचे दोरे वेगळे असतात, मध्याचा पत्ता नसतो. सगळे दोरे सुईने एका जागी ओढून आणून फुलीच्या दोन टाक्यांनी बांधले की तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, तयार होतो. शेवटी त्या तुंब्यापासून बाहेर विणत यायचं, प्रत्येक आऱ्याला उलटी टीप मारत, एक मागे, दोन पुढे.

माझा तुंबा सरकला. फुली घालताना दोरा जरा सैल पडला आणि मध्य डावीकडे गेला, जेमतेम दीड मिलिमीटर. विणताना वाटलं पुढे झाकलं जाईल. झाकलं जात नाही. प्रत्येक फेरीबरोबर तो दीड मिलिमीटर ठळक होत गेला, एका बाजूला सूत दाटलं आणि दुसऱ्या बाजूला भोकं राहिली. वर दोराही पुरला नाही. शेवटच्या दोन फेऱ्यांसाठी नवा जोडावा लागला, त्याची गाठ मागे फुगून बसली.

बाईंनी ती हातात घेतली, उलटी केली, आधी पाठ पाहिली आणि म्हणाल्या, "उद्या पुन्हा." कौतुक केलं नाही, याचं मला बरं वाटलं. पाठ बघणारं माणूस कामाचं असतं.

रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. लेकीने विचारलं, "एका गुंडीला किती वेळ लागला?" चहा धरून दोन तास. मला हव्यात पाच. नाशिकहून निघताना बाळासाठी पोपटी स्वेटर विणून आणला, काजं केली आणि बटणं इथे घेऊ म्हणून तसाच ठेवला होता. आता याच लावायच्या.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

सोनं म्हणून वाटायला आपट्याची पानं इथे कुठून मिळणार. लेकीने झेंडू मात्र कुठूनतरी पैदा केला. देवापुढे पाट मांडला आणि जावयाने त्यावर लॅपटॉप ठेवला. मी बाजूला कात्री, सुई, दोऱ्याची लडी आणि झालेल्या दोन गुंड्या ठेवल्या. हळदकुंकू वाहिलं.

आई दसऱ्याला सूप आणि कात्री पूजायची. विड्या वळण्याचं सूप. टेंभुर्णीची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याचा साचा पानावर धरून कात्रीने तुकडे काढायचे. मग सूप मांडीवर, त्यात एका बाजूला पानं आणि एका बाजूला तंबाखू. चिमूट टाकायची, वळायची, दोऱ्याचे दोन वेढे, तोंड मुडपायचं. डोळ्यांनी बघावं लागत नसे. आमच्याशी बोलता बोलता, भाकरी करपते का त्याचा वास घेत घेत तिचे हात चालू असायचे. दिवसाला हजाराच्या घरात विडी व्हायची, ती पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून संध्याकाळी कारखान्यावर. मी आठ वर्षांची असल्यापासून पानं कापायला बसत होते. त्या स्ट्रिंगर पोरांसारखी.

तपासणारा जुडी उचलायचा, बोटांत फिरवायचा आणि बाजूला टाकायचा. छाट. कधी पान फाटलेलं असे, कधी विडी बारीक असे, आणि कधी काहीच नसे. छाटीची मजुरी मिळायची नाही. आणि त्या छाटलेल्या विड्या परतही मिळायच्या नाहीत, हे आईला जास्त लागायचं. "पैशे कापा, पण माझा माल मला द्या," असं ती एकदा म्हणाली होती, मी शेजारी उभी होते. १९६६ साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. आमच्या संध्याकाळी त्यानंतरच्याच आहेत.

पंचेचाळीस वर्षांत तिने किती विड्या वळल्या त्याचा हिशेब माझ्याच्याने होत नाही. तिच्या हातची एकही विडी कुठे शिल्लक नाही. असणार कशी? जळून जायलाच केलेली वस्तू ती. गेल्या शनिवारी संग्रहालयातल्या त्या कपाटात एका कार्डावर गुंड्या अजून टाचलेल्या होत्या, कुठल्याच कोटाला कधी न लागलेल्या. त्यांतल्या एकीचा तुंबा किंचित सरकलेला आहे, माझ्यासारखाच. करणारीचं नाव कुठे नाही. पण तो टाका तिचा आहे, तिने कुठे दोरा ओढला आणि कुठे तिचा हात थकला हे आजही दिसतं. मी तिथे बराच वेळ उभी होते.

बाईंनी परत येताना गाडीत पुढचं सांगितलं. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात जॉन अ‍ॅश्टनने बटणं करायचं यंत्र मांडलं आणि काही वर्षांत घराघरांतली ही कमाई आटली. कित्येक कुटुंबांना गाव सोडावं लागलं, कोणी कॅनडाला गेलं, कोणी ऑस्ट्रेलियाला. हे त्या अशा सांगत होत्या जसं काही परवाच झालं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

बिघडलेली पहिली सोडून पाचवी काल रात्री झाली. आता दोरा पुरतो, तुंबा जागेवर येतो. फुली घालताना श्वास धरते, तेवढंच. चौथीला पन्नास मिनिटं लागली, पाचवीलाही तेवढीच, याहून कमी होईलसं वाटत नाही.

लावताना नुसत्या टाक्यावर भागवलं नाही. तान्ह्या बाळाचं काम, तोंडात जाणार. मागे कापडाची लहान चकती धरली, प्रत्येक गुंडीला दोऱ्याचा दांडा करून सहा वेळा सुई घातली आणि सगळ्या जोर लावून ओढून पाहिल्या. कोमट पाण्यात स्वेटर धुतला. रंग गेला नाही, आरे सैल झाले नाहीत.

सकाळी दहाला, म्हणजे तिकडे अडीचला, आईला व्हिडिओ कॉल लावला. भावाच्या सुनेने फोन धरला होता. आई ब्याऐंशीची आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. बाळाला बघून झालं, दृष्ट काढायला सांगून झालं, मग मी स्वेटर पुढे धरला.

"गुंड्या कुठून आनल्या?"

"मी केल्या, आई. सुताच्या आहेत."

"जवळ आन." मी कॅमेऱ्यापाशी नेल्या. "आता उलटी बाजू दाव."

मी स्वेटर उलटा केला. ती बराच वेळ बघत राहिली. तिचा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता, विडी वळताना फिरायचा तसा. तो अजून फिरतो हे मला माहीत नव्हतं.

"शेकड्याला काय भाव हाये?"

"विकायच्या नाहीत गं. पूर्वी इथल्या बायका विकायच्या, घरी बसून करायच्या. आपल्यासारखंच." मग मी तिला गुलाबी कार्डाचं सांगितलं, निळ्याचं, पिवळ्याचं. मोबदल्यात दुकानाचा माल मिळायचा तेही सांगितलं. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "त्यांच्यातबी छाट होती म्हन की."

"होती."

"तुझी किती निघाली?"

"एक. पहिलीच. मध्य सरकला आणि दोरा संपला."

"मंग? टाकली का ती?"

"नाही, इथेच आहे डब्यात."

"टाकू नको. येताना मला घेऊन ये."

मी डब्यातून ती काढली, रुमालात बांधली आणि पासपोर्ट असतो त्या पर्सच्या कप्प्यात ठेवली.